हौसाबाईची पिकअप आणि चाळीस पिशव्या मासे

तळ्याकाठी वसलेल्या बोरतळे गावात हौसाबाई नावाची एक बाई होती. ती पिकअप चालवायची. डिझेलवर चालणारी, पांढरी, अकरा वर्षं जुनी पिकअप. कांदा, कडबा, शाळेचे बाक, मांडवाचे खांब, जे सांगाल ते ती वाहून न्यायची.

हौसाबाईची एक रीत होती. रोज सकाळी गाडीला चावी लावण्याआधी ती बॉनेट उघडायची. पट्टी ओढून ऑईल बघायची. रेडिएटरमधलं पाणी बघायची. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून तिथे साचलेलं पाणी काढून टाकायची. हवेचा फिल्टर झटकायची. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबायची आणि त्याच्या आतल्या बाजूने बोटं फिरवायची. चाकांची हवा बघायची. यात अर्धा तास जायचा. गाडी उत्तम चालत असली तरी जायचाच. ऑईल बदलायची वेळ आली की हौसाबाई आठ दिवस आधीच बदलून मोकळी व्हायची.

गावाला याचं हसू यायचं. सगळ्यात जास्त हसायचा पोपट. पोपटचीही पिकअप होती, हौसाबाईच्या गाडीपेक्षा कितीतरी नवी. काचेवर झिरमिळ्या, मागे रंगीत मोर. बॉनेटला मात्र पोपटचा हात कधी लागला नव्हता.

"आक्का, गाडी हाय का बाळंतीण?" तो विचारायचा. "रोज सकाळी तुजी शेक-शेगडी चालूच!"

"बिगडल्याली गाडी मेस्त्रीच्या वाटणीची," हौसाबाई म्हणायची. "न बिगडल्याली माझ्या वाटणीची."

पोपट हसत निघून जायचा. त्याची गाडी चालत होती, मग त्याने तरी का ऐकावं?

बोरतळ्यातल्या भोई बायकांची मासेमारीची संस्था होती. केराबाई तिची अध्यक्ष. साठीची बाई, आवाज खणखणीत, बोलणं रोखठोक. संस्थेकडे तळ्याचा ठेका होता, पण तळंच तीन वर्षं कोरडं पडलं होतं. जाळी आढ्याला टांगून ठेवलेली. बायका खुरपायला जायच्या, विटा उचलायला जायच्या. यंदा मात्र तळं काठोकाठ भरलं. आता त्यात मासळीचं बीज सोडायला हवं होतं. हा हंगामही रिकामा गेला, तर ठेका परगावच्या माणसाला मिळणार होता. तसं पत्रच आलं होतं.

घाटापलीकडे मत्स्यबीज केंद्र होतं. तिथून निरोप आला. 'मोसमातली शेवटची बोटुकली शिल्लक आहे. बुधवारी अकराच्या आत या. नंतर मिळणार नाही.'

बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी आणि वर ऑक्सिजन भरून ती देतात. पिशवीवर पिशवी रचता येत नाही, म्हणून केराबाईने दोन गाड्या ठरवल्या. वीस पिशव्या पोपटच्या गाडीत, वीस हौसाबाईच्या. प्रत्येक गाडीबरोबर तीन बायका, पिशव्या गार राहाव्यात म्हणून त्यांच्यावर ओली पोती टाकायला.

बुधवारी सकाळी सहाला दोन्ही गाड्या तळ्याच्या बांधावर उभ्या राहिल्या. पोपटने गाडी चालू केली. बॉनेटखालून किर्रर्र आवाज आला आणि थोड्या वेळाने थांबला.

"पोपट, तुजा फॅनबेल्ट किंचाळतोय," हौसाबाई म्हणाली. "निघायच्या आदी बग जरा."

"गाणं म्हंतीय गाडी, आक्का!" पोपट म्हणाला. त्याच्या गाडीतल्या बायका हसल्या.

हौसाबाईने आपलं बॉनेट उघडलं. ऑईल ठीक होतं. पाणी ठीक होतं. फॅनबेल्टच्या आतून बोटं फिरवली आणि एका जागी बोट अडलं. तिथे आडवी चीर होती, नखाएवढी. बाहेरून बेल्ट अगदी धडधाकट दिसत होता.

"काय झालं?" केराबाईने विचारलं.

"काकी, बेल्टाला चीर पडलीया. बदलायला पायजे. नवा बेल्ट हाय माझ्याकडं, पर तासभर लागंल."

"तासभर?" केराबाईचा आवाज चढला. "अकराच्या आत या म्हटलंय त्यांनी! काल चालत हुती न्हवं गाडी?"

"चालत हुती."

"मग आज बी चालंल! हौसा, तीन वर्सं वाट बगितलीया आमी. तुज्या एका चिरीपायी तळं घालवू काय?"

सगळ्या बायका हौसाबाईकडे बघत होत्या. तिलाही वाटलं, एवढीशी चीर, आजचा दिवस सहज निघेल. परवा बदलू. हात बॉनेट खाली घ्यायला उचललासुद्धा. मग तिच्या डोळ्यांपुढे घाट आला. भाद्रपदातलं ऊन, चढावरची वळणं आणि मागे पिशव्यांमधले हजारो जीव. बेल्ट तुटला तर पाण्याचा पंप थांबणार. पंप थांबला की इंजिन तापणार. तापलेल्या इंजिनाला कुणाची घाई कळत नाही.

तिने पाना-पकडींची पिशवी गाडीतून काढून खाली ठेवली.

"काकी, म्या बदलूनच निघणार. रागाव मला, पर थांब."

केराबाईने तोंड फिरवलं आणि पोपटच्या गाडीत जाऊन बसली. पोपटने जोरात हॉर्न वाजवला. धूळ उडाली, मोर दिसेनासा झाला.

हौसाबाई खाली बसून काम करू लागली. कुणी मदतीला आलं नाही. तिच्या गाडीबरोबर जाणाऱ्या तिघी बांधावर बसून कुजबुजत होत्या, ते तिला ऐकू येत होतं. कान गरम झाले, पण हात घाईवर आले नाहीत. बेल्ट चढवला, ताणला, अंगठ्याने दाबून पाहिला. गाडी चालू करून पुन्हा पाहिला. सात वाजता ती निघाली.

दहाच्या आधी ती केंद्रावर पोचली. पोपटच्या गाडीत शेवटची पिशवी चढत होती.

"आलीस का आक्का?" पोपट ओरडला. "आमी निगालो बग! तळ्यावर भेटू. हळूहळू ये, बाळंतिणीला दगदग नको!"

केराबाईने तिच्याकडे बघितलंच नाही.

हौसाबाईच्या वीस पिशव्या चढल्या. केंद्रावरचा माणूस म्हणाला, "बाई, सावलीत धरल्या तर पिल्लं पाच-सहा तास जगतील. उन्हात उभ्या राहिल्या तर तेवढा भरवसा नाही. वाटेत थांबू नका."

ती थांबली नाही. पोतं वाळलं की बायका पाणी मारत होत्या. बारा वाजले. घाट सुरू झाला. डोंगर तापून पांढरा दिसत होता.

चौथ्या वळणावर तिला रंगीत मोर दिसला.

पोपटची गाडी कडेला उभी होती. बॉनेटमधून वाफेचे लोट निघत होते. चाकांना दगड लावलेले. बायका पदर पसरून पिशव्यांवर सावली धरत होत्या आणि पिण्याच्या बाटल्यांमधलं शेवटचं पाणी पोत्यांवर ओतत होत्या. पोपट रस्त्यावर उकिडवा बसला होता. त्याच्या हातात तुटलेला फॅनबेल्ट होता, मेलेल्या सापासारखा लोंबणारा.

हौसाबाई उतरली. केराबाई एक पिशवी पोटाशी धरून उभी होती. तिने ती हौसाबाईपुढे धरली.

"हौसा," ती म्हणाली, "पिल्लं वर येऊन तोंड उगडाय लागलीत."

हौसाबाईने पिशवीत पाहिलं. बोटुकली पाण्याच्या वरच्या थरात गर्दी करून तोंडं उघडमीट करत होती. हौसाबाईकडे आता जादा फॅनबेल्ट नव्हता, आणि असता तरी तो पोपटच्या गाडीला बसला नसता. शिवाय त्याचं इंजिन असं तापलं होतं, की थंड व्हायलाच दोन तास गेले असते.

सकाळचे सगळे शब्द हौसाबाईच्या जिभेवर आले. तिने ते गिळले.

"सगळ्या पिशव्या माझ्या गाडीत घ्या," ती म्हणाली.

"चाळीस?" केराबाईने विचारलं. "रचता येत न्हाईत!"

"रचायच्या न्हाईत. मागं हौद्यात जागा हाय तितक्या उभ्या लावा. चार केबिनमदी. बाकीच्या मांडीवर घ्या, लेकरागत. पोपट, ऊठ. तू बी मागं बस आन् पिशव्या धर."

"आक्का, म्या..." पोपट उठत म्हणाला.

"नंतर बोल. आदी पिशवी धर."

पिशव्या हातोहात चढल्या. केराबाई धरून सहा बायका, पोपट आणि चाळीस पिशव्या. गाडी मागच्या चाकांवर बसली. केराबाई केबिनमध्ये हौसाबाईशेजारी बसली, पायाशी दोन आणि मांडीवर दोन पिशव्या घेऊन. समोर घाटाचा सगळ्यात खडा चढ होता.

"ओढंल का गं एवढं?" तिने हळूच विचारलं.

"ओढंल, काकी. सकाळीच इचारलंय तिला."

हौसाबाईने गाडी पहिल्यात टाकली. गाडी थरथरली आणि हलली. मग दुसरा गिअर. इंजिन घुमू लागलं. एक वळण गेलं. दुसरं गेलं. केराबाई तापमानाच्या काट्याकडे टक लावून बसली होती. काटा अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. तिसरं वळण सगळ्यात अवघड. तिथे समोरून ट्रक आला आणि हौसाबाईला चढावर थांबावं लागलं. मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. हौसाबाईच्या मनात भीती नव्हती. या गाडीतला प्रत्येक नट, प्रत्येक पाईप तिच्या बोटांच्या ओळखीचा होता. ट्रक गेला. तिने हँडब्रेक सोडला, क्लच अलगद सोडला. गाडी इंचभरही मागे न सरकता वर निघाली.

माथ्यावर वारं लागलं. काटा अजून अर्ध्यावरच होता. हौद्यातून बायकांनी असा गलका केला की कडेची वानरं झाडावर पळाली.

"हौसा," केराबाई म्हणाली, "सकाळी चुकले गं मी."

"पिशवी हलू देऊ नगं, काकी," हौसाबाई म्हणाली आणि हसली.

पावणेतीनला गाडी तळ्यावर पोचली. सगळा गाव बांधावर जमला होता. पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवल्या, म्हणजे पिशवीतलं पाणी आणि तळ्यातलं पाणी सारखं गार होतं. पंधरा मिनिटं सगळ्यांचे डोळे पिशव्यांवर होते. मग केराबाई कंबरभर पाण्यात उतरली आणि तिने पहिल्या पिशवीचं तोंड सोडलं.

काही पिल्लं पोट वर करून तरंगली. मूठभर असतील. बाकीची क्षणभर जागीच थबकली आणि मग चांदीची सळसळ झाली. बोटुकली सुटली. दुसरी पिशवी, तिसरी, दहावी, चाळिसावी. कुणीतरी हलगी आणली. बायका ओल्या लुगड्यांनीच नाचल्या. केराबाईने हौसाबाईला हात धरून पाण्यात ओढलं आणि ओंजळभर पाणी तिच्या डोक्यावर ओतलं.

पोपट बांधावर एकटाच उभा होता. हौसाबाई वर आल्यावर तो जवळ आला.

"आक्का, म्या तुला हसलो. तू त्या घाटात मला एक शबूद बोलली न्हाईस."

"बोलून बेल्ट जोडला असता काय?" हौसाबाई म्हणाली. "उद्या तुजी गाडी ओढून आणू. दुरुस्त झाली की ये माझ्याकडं. कुटं काय बगायचं ते दावते."

पोपट आला. पहिल्या आठवड्यात त्याला ऑईलची पट्टी सापडायची नाही. महिन्याभरात तो डोळे मिटून फॅनबेल्टची चीर सांगू लागला. मग तालुक्याहून येणारे आणखी दोन ड्रायव्हर थांबून विचारू लागले. बोरतळ्याच्या गाड्या वाटेत बंद पडत नाहीत, असं बाजारात लोक बोलू लागले.

तळ्याचा ठेका संस्थेकडेच राहिला. उन्हाळ्यात पहिली ओढ पडली तेव्हा जाळं ओढायला चौदा बायका कमी पडल्या. पुरुषांना हाका मारून बोलवावं लागलं. जाळं काठाला लागलं आणि त्यात हाताएवढे रोहू, कटला उसळ्या मारू लागले. केराबाईने सगळ्यांत मोठा कटला उचलला. दोन्ही हातांत तो मावत नव्हता. तिने तो हौसाबाईच्या हातात दिला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ह्यो आमच्या हौसाचा! हिनं तवा घाई केली न्हाई, म्हणून आज आपल्या चुली पेटल्या!"

तात्पर्य: सगळं सुरळीत चाललेलं असतानाच जो रोज काळजी घेतो, तो संकटाच्या वेळी आपल्याबरोबर इतरांचाही भार पेलू शकतो.