सात दांड्या एका रेषेत

एका गावात एक बँड होता. त्यात वाजवणारे-गाणारे मिळून सात जण होते आणि सातही जण मानकरी होते. आता बँड म्हटला की थोडाफार मान आलाच. डोक्याला तुरा लावून गावभर मिरवणारा माणूस साधा राहत नाही. पण या सातांचा मान जरा जास्तच नाजूक होता. चहा आधी कुणाला दिला, पत्रिकेत नाव वर कुणाचं छापलं, एवढ्यावरून ते भरल्या ताटावरून उठायचे.

या बँडचे मालक केरबामास्तर. मास्तर पूर्वी ट्रम्पेट वाजवायचे. पुढे समोरचे दोन दात पडले आणि फुंकर भलतीकडूनच निसटायला लागली. तेव्हा त्यांनी ट्रम्पेट शिवाप्पाच्या हाती दिलं आणि स्वतः आवाजाच्या पेटीमागे जाऊन बसले. सगळ्यांचे माईक जिथे येऊन मिळतात आणि जिथून ज्याचा त्याचा आवाज कमी-जास्त करता येतो, ती ही पेटी. तिला मिक्सर म्हणतात. मास्तरांचा कान चांगला होता आणि स्वभाव गरीब होता. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्यांना दरदरून घाम फुटायचा. म्हणून ते सहसा नाही म्हणतच नसत.

गेल्या वर्षी शेजारच्या गावच्या भैरोबाच्या जत्रेत या बँडची फजिती झाली. जुन्या मिक्सरला दोनच माईक लागायचे. त्यातला एक रंगरावच्या ढोलाने अडवला आणि दुसऱ्याभोवती उरलेले सहा जण दाटीवाटीने उभे राहिले. वाजवून झाल्यावर जत्रा कमिटीचे अध्यक्ष निवृत्तीआबा जवळ आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “ढोल झकास झाला. बाकी काय हुतं?” त्यापुढचं त्यांनी आणखी शांतपणे सांगितलं. येत्या जत्रेत गाण्याचे शब्द लोकांना कळले नाहीत, तर तिथून पुढे बँड बंद आणि तालुक्याचा डीजे सुरू.

पंचक्रोशीतली माणसं त्याच जत्रेत बँड ऐकायची आणि आपल्या घरच्या लग्नाची सुपारी द्यायची. ती जत्रा गेली असती तर वर्षाची लग्नं गेली असती, आणि लग्नं गेली असती तर सात तुरे सात घरांच्या खुंटीला कायमचे टांगले गेले असते.

तेव्हा मास्तर खिशाला झेपेल असा नवा मिक्सर आणायला तालुक्याला निघाले. बरोबर रंगराव आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

दुकान पोपटशेठचं. नाव पोपट असलं तरी माणूस मोजकंच बोलायचा. त्याने बँडमध्ये किती जण आहेत एवढंच विचारलं आणि दोन मिक्सर समोर ठेवले. एक बुटका, काळा, गोल बटणांचा. दुसरा लांबरुंद, आणि त्यावर बटणांच्या जागी सरकत्या दांड्या. दांडी वर सरकवली की आवाज चढायचा, खाली ओढली की उतरायचा. शिवाय त्याला लाल-हिरवे दिवे होते. माईक दोन्हीला सारखेच लागायचे आणि किंमतही सारखीच होती. शेठने दोन्ही लावून ऐकवले. बुटक्याचा आवाज स्वच्छ होता. दिव्यांच्या मिक्सरमागे मात्र बारीक घरघर होती, जेवून आडव्या झालेल्या म्हाताऱ्याची असते तशी.

“हा कानाला बरा, तो डोळ्यांना,” शेठ म्हणाला. “तुमचं तुम्ही ठरवा.”

मास्तरांच्या कानाने केव्हाच ठरवलं होतं. ते बुटक्याकडे बोट करणार, तेवढ्यात रंगराव म्हणाला, “मास्तर, ह्यो गाडीवर ठेवला तर लोक म्हणतील, बँडवाल्यांनी गॅसची शेगडी आणली.” मास्तरांना घाम फुटला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि दिव्यांचा मिक्सर बांधून घेतला.

गावात आल्यावर नव्या मिक्सरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. प्रत्येक दांडीखाली पांढऱ्या चिकटपट्टीवर ज्याचं त्याचं नाव लिहिलं, आणि कुणाचं पोट दुखू नये म्हणून प्रत्येक नावाआधी ‘श्री’ किंवा ‘सौ.’ घातलं. मग शाळेच्या पटांगणावर तालीम सुरू झाली. मास्तरांनी नीट ऐकून एकेक दांडी लावली. ढोल मूळचाच दणकट, म्हणून त्याची दांडी तळाशी. ट्रम्पेटची त्याच्या थोडी वर. अंतूतात्या सत्तरीचे, त्यांचा श्वास आता पुरत नसे, म्हणून त्यांच्या क्लॅरिनेटची बरीच वर. आणि गाणाऱ्या सुलाबाईंची सगळ्यात वर, कारण शब्द त्यांचे होते. पहिलंच गाणं इतकं छान उठलं की शाळेतली पोरं खिडक्यांना लोंबकळली.

दुसरं गाणं सुरू व्हायच्या आधी रंगराव पाणी प्यायला बँडच्या गाडीजवळ आला आणि त्याची नजर तिच्यावरच्या मिक्सरवर गेली. त्याने ढोल खाली ठेवला.

“गावात पहिल्या नारळाचा मान आमच्या घराला,” तो म्हणाला. “आन् माझी दांडी सगळ्यांच्या पायाशी?”

मास्तर समजावू लागले, की ढोलाला माईकचा टेकू लागत नाही, की दांडी खाली असणं म्हणजे माणूस खाली असणं नव्हे. पण तोवर बाकीचेही बघायला आले होते. शिवाप्पाला दिसलं की आपण शेवटून दुसरे आहोत. कीबोर्डवाल्याला दिसलं की हलगीवाला आपल्यापेक्षा बोटभर वर आहे. हलगीवाल्याला ते योग्यच वाटत होतं, आणि त्याने तसं सांगितलंही. अंतूतात्या कुणाशी भांडत नसत. त्यांनी फक्त क्लॅरिनेट मांडीवर घेतली आणि फडक्याने पुसायला सुरुवात केली. ते क्लॅरिनेट पुसू लागले की रुसले असं समजायचं. सुलाबाईंनी पदर खोचून सांगितलं की गाणं ज्याचं, दांडी त्याची, आणि त्यावर सगळे एकदम बोलू लागले.

तासाभराने तोड निघाली. शाळेतून लाकडी पट्टी आणली आणि सातही दांड्या पट्टी लावून बरोबर मधोमध, एका रेषेत उभ्या केल्या. सगळे सारखे. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. सातही चेहऱ्यांवर समाधान पसरलं. मास्तरांना मात्र ढोल आणि ट्रम्पेट सोडून काहीच ऐकू येईना. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि घाम पुसून मिटलं.

ती रेषाही टिकली नाही. दर गाण्यानंतर कुणा ना कुणाला तहान लागायची. पाणी प्यायला गाडीजवळ येणाऱ्याचं कोपर हटकून आपल्याच दांडीला लागायचं आणि ती नखभर वर जायची. दुसऱ्याला ते दिसायचं, मग त्यालाही तहान लागायची. दिवस कलेपर्यंत घागर रिकामी झाली आणि सातही दांड्या टोकाला जाऊन टेकल्या. पुन्हा सगळे सारखे झाले. माईकांनी अशी शिट्टी मारली की पाटलांची म्हैस दावं तोडून ओढ्यापलीकडे गेली, आणि हेडमास्तर दोन्ही कानांत बोटं घालून बाहेर आले.

नेमके त्याच वेळी निवृत्तीआबा तालीम ऐकायला आले होते. जत्रेला आठच दिवस उरले होते. आबा पारावर बसले आणि त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. मग त्यांनी मास्तरांना जवळ बोलावलं.

“गाणं कोण म्हणत हुतं?”

“सुलाबाई.”

“त्या आल्यात व्हय?”

सुलाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या तोवर इतकं ओरडून गायल्या होत्या की त्यांच्या तोंडून शब्दही फुटेना. त्या गाडीच्या चाकाशी बसल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या. आबा नुसते मान हलवत निघून गेले.

मास्तरांना स्वतःची फार लाज वाटली. खरा आवाज त्यांना दुकानातही कळला होता आणि पटांगणावरही कळत होता. नाही म्हणायची हिंमत तेवढी झाली नव्हती, आणि त्यापायी सात घरं बुडायच्या बेतात आली होती.

दुसऱ्या दिवशी दिव्यांचा मिक्सर बदलून घ्यायला ते एकटेच तालुक्याला गेले. पोपटशेठला जणू ते येणार हे ठाऊकच होतं. त्याने दिव्यांचा ठेवून घेतला आणि बुटका मिक्सर पुढे सरकवला. मास्तरांनी एकच गोष्ट विचारली. “शेठ, ह्यात कुणाचं किती वर हाय, ते लांबून दिसतं का?”

“लांबून न्हाई. जवळून दिसतं. ही बटणावरची पांढरी खूण बघा.”

त्या पांढऱ्या खुणेने मास्तरांना घोर लागला, कारण त्यांची माणसं लांब थांबणारी नव्हती. घरी आल्यावर त्यांनी बँडच्या बुटांची पॉलिशची डबी काढली आणि प्रत्येक बटणावरची खूण काळीकुट्ट करून टाकली. वाळल्यावर पुन्हा एक हात दिला. बटणांखाली नावं लिहिली, पण कोणतं बटण किती फिरवलंय हे आता कुणाच्या बापाला कळलं नसतं. मास्तर स्वतःच्या अकलेवर खूश झाले. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

सुलाबाईंचा घसा बसलेला, म्हणून मधे तालीम झाली नाही आणि नवा मिक्सर कुणी पाहिलाही नाही. जत्रेचा दिवस आला. ऊन उतरल्यावर देवळासमोर गाडी उभी राहिली. बुटका मिक्सर बघून रंगरावने नाक मुरडलं, पण भांडायला आता वेळ नव्हता. समोर अख्खी पंचक्रोशी बसली होती आणि पुढच्या रांगेत निवृत्तीआबा त्यांच्या म्हाताऱ्या आईला घेऊन बसले होते. पहिलं गाणं सुरू झालं. मास्तरांनी सवयीने बटणांकडे पाहिलं आणि घोटाळा त्यांच्या ध्यानात आला. पॉलिश इतकं झकास बसलं होतं, की कुणाचं किती फिरवलंय हे आता त्यांनाही दिसेना.

बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मास्तरांनी भैरोबाचं नाव घेतलं आणि डोळे मिटले.

आधी त्यांना ढोल ऐकू आला. भरपूर ढोल. त्यांनी रंगरावचं बटण चाचपून मागे घेतलं. मग ट्रम्पेट मागे घेतलं, तेव्हा त्याच्या खालून कीबोर्ड वर आला. अंतूतात्यांचं बटण जरा पुढे नेलं आणि क्लॅरिनेट अशी गोड उमटली की मास्तरांचा हात तिथेच थांबला. पंधरा वर्षं हा म्हातारा आपल्या शेजारी एवढं सुंदर वाजवतोय आणि आपण ते धड ऐकलंच नाही, या विचाराने त्यांना गलबलून आलं. शेवटी त्यांनी सुलाबाईंचं बटण धरलं आणि शब्द कळेपर्यंत फिरवलं.

कडवं संपल्यावर रंगराव ढोल वाजवत वाजवतच गाडीकडे सरकला. “मास्तर, माझं सगळ्यात वर हाय न्हवं?”

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. खूण पुसलेली होती, खोटं कधीच उघडं पडलं नसतं. मास्तरांना घाम फुटला. पण रुमाल त्यांनी काढला नाही.

“न्हाई,” ते म्हणाले. “तुझा ढोल बाईंच्या शब्दावर पडतोय, रंगराव. बटणाकडं बघू नगंस. ऐक.”

रंगरावने तरी बटणांकडे बघितलंच. सात काळी बटणं होती, सगळी एकसारखी. त्यात मान मिळाल्याचं दिसेना आणि गेल्याचंही दिसेना. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तो ऐकू लागला. सुलाबाईंची ओळ आली तसा त्याचा हात आपोआप हलका पडला आणि ओळ संपल्यावर त्याने असा ठेका भरला की मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. शिवाप्पाने ते पाहिलं आणि क्लॅरिनेटला वाट देऊन तो दोन पावलं मागे सरला. त्या संध्याकाळी सातातल्या कुणालाही तहान लागली नाही.

गाणी संपल्यावर निवृत्तीआबा उठून आले. चेहरा गंभीर होता. मास्तरांनी मनातल्या मनात तुरे खुंटीला टांगायला सुरुवात केली.

“दुसऱ्या गाण्यात बाईंनी एक ओळ गाळली,” आबा म्हणाले. “आमच्या आईनं बरोबर पकडली.”

“गाळलेली ओळ कळली?” मास्तरांनी विचारलं.

“बाकीच्या ऐकू आल्याशिवाय गाळलेली कशी कळंल?” आबा म्हणाले. “पुढच्या वर्षी येताना ती घेऊन या.”

मास्तरांचे डोळे भरून आले. सुलाबाई कपाळाला हात लावून हसत सुटल्या आणि ती गाळलेली ओळ त्यांनी तिथेच, माईकशिवाय, आबांच्या आईला गाऊन दाखवली.

त्या दिवशी घरी गेल्यावर सातही जणांनी आपापल्या माणसांना सांगितलं, की आज माझंच बटण सगळ्यात वर होतं. मास्तरांनी त्यांपैकी एकालाही हो म्हटलेलं नव्हतं. घरोघर ते खरं मानलं गेलं आणि बँडमध्ये पुन्हा त्यावरून भांडण झालं नाही.

तात्पर्य: अनेकांनी मिळून करायच्या कामात कोण वर नि कोण खाली हे बघत बसलं की काम बिघडतं, ज्याची जिथे जेवढी गरज, त्याला तिथे तेवढी जागा द्यावी, आणि ती देताना कुणाला नाही म्हणावं लागलं तर म्हणावं.