वरवंट्याचं बारसं

दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती, बरं का, तेव्हा ही सगळी कटकट सुरू झाली. त्याच्या आधी सगळं ठीक होतं. पाय आत घ्या आणि ऐका. मध्ये कुणी पाणी मागायचं नाही.

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे सगुणा नावाची बाई राहायची. तिला मुलगी झाली. पहिलीच मुलगी, त्यामुळे सगुणाचा जीव सारखा खालीवर. बाळ शिंकलं की हिला घाम फुटायचा. बाळ गप्प झोपलं की नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालतोय ना म्हणून. असे अकरा दिवस गेले आणि बाराव्या दिवशी बारसं ठरलं.

आता सांगा बघू, बारशाच्या दिवशी पाळण्यात बाळाच्या आधी कोण झोपतं? वरवंटा! हो, तोच, चटणी वाटायचा. त्याला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, कुंची घालायची आणि पाळण्यात ठेवायचं. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. मग वरवंटा काढायचा, बाळ ठेवायचं आणि आत्याने बाळाच्या कानात कुर्र्र करून नाव सांगायचं. अशी रीत आहे.

या बाळाची आत्या होती ठकू. ठकूला लांबचं नीट दिसायचं नाही आणि जवळचंही नाही. पण चष्मा लावेल तर शपथ. "नव्या लुगड्यावर चष्मा? मी काय तलाठी आहे?" असं म्हणायची. त्यात ती आली उशिरा. घामाघूम होऊन आत शिरली, बायकांना कोपरं मारत पाळण्यापर्यंत गेली. बाळ तेव्हा आतल्या खोलीत सगुणाच्या मांडीवर दूध पीत होतं. पाळण्यात कुंची घालून कोण पडलं होतं, कळलं ना?

ठकू वाकली. "अगं बाई! कसं काळंसावळं, गुळगुळीत ध्यान आहे!" म्हणाली. मग केलं कुर्र्र आणि वरवंट्याच्या कानात सांगितलं, "बकुळा!" बायकांचं लक्ष घुगऱ्यांकडे, त्यांनी न बघताच रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. घुगऱ्या वाटल्या.

तेवढ्यात सगुणा बाळाला घेऊन बाहेर आली.

"वन्सं, नाव कुणाला ठेवलंत?"

"कुणाला म्हणजे? बाळाला."

"बाळ तर माझ्याजवळ आहे."

मग पाळण्यातून घोगरा आवाज आला, "बकुळा इथे आहे. आणि कुंची घट्ट होतेय."

बायका किंचाळत पळाल्या. घुगऱ्या मात्र कुणी टाकल्या नाहीत.

मग काय, ठकूने बाळाच्या कानात पुन्हा नाव सांगायचा प्रयत्न केला. कुर्र्र एवढंच तोंडातून बाहेर पडलं. सगुणानेही करून बघितलं. तिचंही कुर्र्र. नाव वरवंट्याकडे गेलं होतं, ते दुसऱ्याला देता येईना. आणि बाळ रडायला लागलं. का रडायला लागलं? तर बारशापर्यंत झोप बिननावाच्या बाळाकडेही येते, पण बारसं झालं की ती संध्याकाळी दारोदार नाव घेऊनच हाक मारते. ज्याला नाव नाही त्याला ती कशी हाक मारणार? आणि त्या गावात असं होतं, की बारशाचं नाव दिवेलागणीपर्यंत ज्याच्याकडे राहील त्याचं ते कायमचं. म्हणजे सगुणाचं बाळ जन्मभर बिननावाचं आणि जन्मभर जागं.

"दे ते नाव इकडे," सगुणा वरवंट्याला म्हणाली.

"देईन की," वरवंटा म्हणाला. "पण पाळण्यात झोपलेल्याला सगळे विचारतात, कुणाचा रे तू? मला ते सांगता येत नाही. मी कुणाचा, कुठून आलो, ते मला कळू दे. मग देतो."

"तू बाजारातून आलास."

"त्याच्या आधी?"

सगुणाने कपाळावर हात मारला. घरात पसारा, ओल्या दुपट्यांचा ढीग, चुलीवर उतू गेलेलं दूध, आणि हा विचारतोय त्याच्या आधी! पण करते काय? एका काखेत बाळ घेतलं, दुसऱ्या काखेत वरवंटा, आणि निघाली. ठकू मागून ओरडली, "अगं बाळंतिणीने बाहेर पडू नये! वारं लागेल!"

"वन्सं, तुम्ही डोळ्यांना चष्मा लावा," सगुणा म्हणाली. एवढंच म्हणाली.

मग ती आली डोंगराकडे. "डोंगरदादा, हा कुठून आला सांगा. लवकर सांगा, बाळ रडतंय."

डोंगर सावकाश बोलणारा. त्याला कसली घाई? म्हणाला, "हा माझ्याच अंगाचा तुकडा. फार जुनी गोष्ट. तेव्हा माणसं नव्हती. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि आतला दगड वितळून, लाल होऊन, रटरटत वर आला. तव्यावर धिरड्याचं पीठ पसरतं ना, तसा पसरला. निवला. त्यावर दुसरा थर आला. तो निवला. त्यावर आणखी. माझ्या अंगावर पायऱ्या दिसतात ना, ते हे थर."

"मग मला बारीक भोकं का आहेत?" वरवंट्याने विचारलं.

"धिरड्याला का पडतात? आत हवा अडकली होती."

सगुणाला वाटलं, सुटले. पण वरवंटा म्हणाला, "हे झालं कुठून आलो ते. पण मग मी कुणाचा? आणि माझे बाकीचे भाऊ गेले कुठे?"

"ते नदीला विचार," डोंगर म्हणाला.

सगुणाच्या काखेला रग लागली होती. वरवंटा काय हलका असतो? तशीच ती नदीवर गेली. वाटेत वरवंट्याचं तोंड चालूच. पाणी खालीच का जातं? बगळा एका पायावर का उभा राहतो? तुझी चप्पल चटचट का वाजते?

"आज घरी जाऊन तुझ्यावर लसूण वाटते बघ," सगुणा म्हणाली.

"वाट. पण लसणाला वास कशाने येतो?"

नदीबाई बडबडी. ती न विचारताच सांगायला लागली. "ह्याचे भाऊ होय? माझ्याकडेच आले सगळे. ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला, तडकले, माझ्यात पडले. मी त्यांना घोळवलं, घासलं, त्यांची वाळू केली. आणि वाळूहून बारीक झाले त्यांची काळी माती. त्या मातीत ज्वारी येते. ज्वारीची भाकरी ही बाई खाते. तिचं दूध हे बाळ पितं. म्हणजे तुझे भाऊ थोडे थोडे ह्या बाळाच्या पोटात गेले, बघ."

वरवंटा पहिल्यांदाच गप्प झाला. सगुणानेही बाळाकडे वाकून पाहिलं. पण तेवढ्यात वरवंटा म्हणाला, "आणि जमिनीच्या पोटात दगड आला कुठून?"

"ते मला नाही बाई ठाऊक," नदी म्हणाली. "मी नेहमी खाली बघून वाहते. वरच्यांना विचार."

आता मात्र सूर्य मावळतीला टेकला होता. सगुणा धावत घरी आली. अंगणात ठकू कंदिलाची काच पुसत बसली होती. शेजारी काडेपेटी.

"वन्सं, काडी ओढायची नाही!"

"अंधार पडायला आलाय गं."

"पडू दे!"

अष्टमी होती, त्यामुळे अर्धा चांद दिवसाच वर आला होता. फिकट, पांढरा, ताकासारखा. सगुणा त्याच्याकडे बघून ओरडली, "अहो चांदोबा!" चांदोबा गप्प. पुन्हा ओरडली. गप्पच. मग तिचा असा संताप झाला म्हणता! वरवंटा अंगणात ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "पोरांना भरवताना रोज तुमचं नाव घ्यायचं, आणि आम्हांला गरज पडली की तोंड फिरवायचं होय? बाराव्या दिवशी मी डोंगर केला, नदी केली. माझी पाठ गेली. पोर रडून निळी झाली. आता सांगा, धरतीच्या पोटात दगड आला कुठून? मलाही ऐकायचंय!"

चांदोबा गडबडला. "दिवसा माझ्याशी कुणी बोलत नाही," तो म्हणाला, "म्हणून लक्ष नव्हतं. सांगतो. माझ्या तोंडावरचा ससा बघितलास? तो सगळा ह्या वरवंट्यासारखाच काळा दगड. इथेही वितळून वाहिला आणि थिजला."

"म्हणजे तू खरोखरचा मामा!" वरवंटा म्हणाला.

"आणि त्याच्याही आधीचं सांगतो. सूर्याच्याही आधी मोठमोठे तारे होते. ते म्हातारे झाले, फुटले, त्यांची धूळ लांब लांब उडाली. त्या धुळीतून धरती झाली, मीही झालो. तुझ्या अंगात लोखंड आहे ना, ते त्या ताऱ्यांच्या पोटात तयार झालं. आणि ह्या पोरीच्या रक्तातही लोखंड आहे, म्हणून ते लाल दिसतं. तेही तिथलंच."

बाळ हुंदके देत होतं. ठकूच्या हातात काडी तशीच राहिली.

वरवंटा हळूच म्हणाला, "म्हणजे आम्ही एकाच घरचे."

"एकाच घरचे," चांदोबा म्हणाला. "तू थोरला."

"मग थोरल्याने धाकटीचं कसं काय घेऊन बसायचं?" वरवंटा म्हणाला. "सगुणाबाई, माझी ही कुंची काढा आधी. आणि मला तिच्या कानाशी न्या."

सगुणाने कुंची काढली, त्याला उचललं आणि बाळाच्या कानाशी धरलं. वरवंट्याने घोगऱ्या आवाजात केलं कुर्र्र, आणि म्हणाला, "बकुळा."

नाव सांगितलं की धपाटे घालायचेच. ठकू पुढे झाली आणि तिने वरवंट्याच्या पाठीत असा धपाटा घातला, असा घातला, की हात झटकत अंगणभर नाचली. चष्मा कुठे होता?

मग तिने डाव्या हाताने कंदील लावला. झोप दारात आली आणि म्हणाली, "बकुळा कुठे आहे?" बाळाने एक जांभई दिली आणि गाढ झोपलं. सगुणाने नाकाशी बोट धरून बघितलं, श्वास चालत होता. मग तीही तिथेच आडवी झाली. बकुळा मोठी झाली, टणक झाली. वरवंटा तिचा थोरला भाऊ म्हणून त्या घरात राहिला, आणि सगळे सुखात राहिले. आता चटणी वाटताना तो गुरगुरतो ना, तेव्हा तो विचारत असतो, मिरची तिखट का असते? त्याला काही सांगू नका, नाहीतर पुढचं विचारेल.

आता डोळे मिटा. झोप ओळीने सगळ्यांची नावं घेत येतेय, तुमचंही घेईल. आणि सकाळी उठलात की ज्यांच्या ज्यांच्या घरी बारसं आहे, त्यांना माझा एवढा निरोप सांगा: आत्याला म्हणावं, कुंची उघडून बघ आत कोण आहे, आणि मग कर कुर्र्र.