हरबाजी आचाऱ्याचे दडपे पोहे

“आई, ह्यात गूळ किती घातलात?” हरबाजीनं विचारलं.

ठकूआई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

हरबाजीनं आमसुलाच्या सरबताचा आणखी एक घोट घेतला. डोळे मिटून, जाणत्या माणसासारखा तोंडात घोळवला.

“नेमका पडलाय,” तो म्हणाला. “आमच्या संस्थानच्या मुदपाकखान्यातसुद्धा गूळ इतका नेमका पडत नाही.”



झोपडीच्या दाराशी तीन मोळीविक्या बायका टेकल्या होत्या. यसू, तिची जाऊ आणि यसूचीच सून. घाट उतरून बाजाराला निघाल्या होत्या. तिघींच्या हातात तेच सरबत होतं आणि पहिल्याच घोटाला तिघींची तोंडं वाकडी झाली होती. सून तर अजून एक डोळा मिटूनच बसली होती.

हरबाजीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग चुलीकडं पाहिलं. पाटावर गुळाचा खडा होता. अख्खा. बोलण्याच्या नादात ठकूआई तो घालायलाच विसरल्या होत्या.

हरबाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

गेल्या भादव्यात त्याला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. तिखट नाही, गोड नाही, खारट नाही. तोंडात घास म्हणजे नुसता ओला कापूस. ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. तीस वर्षं संस्थानच्या पंगती उठवलेला आचारी तो. हात सरावलेला होता, त्या अंदाजावर आठ महिने निभावले. मग एका पंगतीत लोकांनी आमटीच्या वाट्या तशाच ठेवल्या. हरबाजीनं देवदर्शनाचं निमित्त काढलं आणि तो घाट चढून इथं आला.

ठकूआई कुठल्या, कुणाच्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घाटमाथ्यावर राहायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी प्यायला द्यायच्या, काहीतरी खायला. लोक आपला गुंता त्यांच्यापुढं टाकत. त्यांचं उत्तर काहींना घाट उतरेपर्यंत कळायचं, काहींना तेवढ्यातही कळायचं नाही.

हरबाजीला गुंता टाकायचा होताच. पण आल्या आल्या हात पसरायचे कसे? म्हणून आधी त्यानं आपलं जाणतेपण पुढं केलं, आणि तेच असं उघडं पडलं.

ठकूआईंनी आपला पेला उचलला. ते बिनगुळाचं, दात आंबवणारं सरबत त्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. पेला पालथा घातला. गुळाचा खडा फोडून भांड्यात टाकला आणि डाव सुनेच्या हातात दिला. ती हसू दाबत ढवळू लागली.

मग त्या हरबाजीकडं वळल्या. म्हणाल्या, बायकांना भुका लागल्यात, पातळ पोहे आहेत, आज दडपे पोहे तू कर.

हरबाजीला बरं वाटलं. निदान हे तरी हाताचं काम होतं.

त्यानं धोतर खोचलं. परातीत पोहे पसरले, चाळून कोंडा उडवला. नारळ फोडला तो एका घावात, पाणी वाटीत धरलं, खोबरं खवलं. कांदा असा बारीक चिरला की यसूची जाऊ सरकत सरकत जवळ आली. नारळाचं पाणी त्यानं बोटांनी शिंपडलं. हात भराभर चालत होते.

आणि मिठाच्या मडक्यापाशी येऊन ते थांबले.

मडक्यात खडे मीठ होतं. मोठे, ओलसर, करडे खडे. संस्थानात त्याच्या हाताला कुटलेल्या बारीक मिठाची सवय. त्याची चिमूट त्याला कळत होती. ह्या खड्यांपुढं तीस वर्षांचा अंदाज आंधळा झाला होता.

त्यानं थोडं मीठ वाटलं, घातलं, कालवलं. सवयीनं चार पोहे तोंडात टाकले.

ओला कापूस.

त्यानं ठकूआईंकडं पाहिलं. त्या चुलीत काटक्या सारत होत्या.

“आई… बघता का जरा?”

“मी कशाला? खाणाऱ्या त्या बसल्यात.”

हरबाजी तसाच उभा राहिला. त्याच्या मुदपाकखान्यात त्याच्या आधी कुणी पदार्थ जिभेला लावायचा नाही, असा दंडक होता. एका हाताखालच्या माणसानं एकदा नुसती चटणी चाखली, तर त्यानं त्याला भरल्या सणात घरी पाठवलं होतं. तो चेहरा ह्या घटकेला कुठून डोळ्यांपुढं आला कोण जाणे.

चूल तडतडत होती. बायका वाट बघत होत्या…

तो यसूपुढं जाऊन उकिडवा बसला. तळहातावर चिमूटभर पोहे धरले.

“बाई,” तो म्हणाला, “मला चव कळत नाही. आठ महिने झाले. मीठ बरोबर आहे का, सांगता?”



यसूला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिनं पोहे तोंडात टाकले, चावले, विचार केला. मीठ अजून हवं म्हणाली. जाऊ म्हणाली, मीठ पुरे झालं, लिंबू कमी आहे. सुनेनं दोन्ही खोडून काढलं. तिच्या माहेरी म्हणे पोह्यांत चिमूटभर गूळ पडल्याशिवाय त्यांना कुणी पोहे म्हणतच नाही. यसूनं विचारलं, तुझ्या माहेरी आमटीत तरी गुळावाचून काही घालतात का? जाऊ इतकी हसली की तिला ठसका लागला.

हरबाजी एकीपासून दुसरीकडं फिरत राहिला. मीठ घातलं, विचारलं. लिंबू पिळलं, विचारलं. गुळावरून सासूसुनेचं जमेना, तेव्हा त्यानं परातीत बोटानं रेघ ओढली आणि एका अंगाला गूळ घातला, दुसऱ्या अंगाला नाही. आपण हसतोय हे त्याच्या बऱ्याच वेळानं ध्यानात आलं.

पोहे झाकून वर पाटा ठेवला. ते दडपून मऊ झाले, तशी ठकूआईंनी मोहरी, हिंग, मिरचीची फोडणी वर ओतली. सगळी झोपडी खमंग झाली म्हणे. हरबाजीला तो वास आला की नाही, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

बायका जेवायला बसल्या. हरबाजी वाढून बाजूला झाला, पण ह्या झोपडीला आत जायला दुसरी खोली नव्हती. संस्थानात पंगत बाहेर आणि तो आत. तीस वर्षांत त्यानं खाणाऱ्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. आज तो समोरच बसला. सुनेनं पहिला घास घेतला आणि मान डोलावली. यसूनं पानावरचं शेवटचं खोबरं बोटानं टिपलं. जाऊनं काही न विचारता परात जवळ ओढली, आणि रेघ बिघ न पाहता दोन्हीकडचं वाढून घेतलं.

हरबाजी बघत होता. त्याचे डोळे भरून आले, आणि ओठांवरचं हसूही जाईना.

बायका मोळ्या उचलून घाट उतरल्या. खालच्या वळणापर्यंत त्यांचा गुळावरचा वाद ऐकू येत होता.

मग हरबाजी ठकूआईंच्या पायाशी बसला. ज्यासाठी आला होता ते त्यानं आता सरळ विचारलं.

“आई, माझी चव परत येईल का?”

ठकूआईंनी परात हातात घेतली. उजेडाकडं धरून आत पाहिलं. एक दाणाही उरला नव्हता…

“पोहे कमी पडले, हरबा,” त्या म्हणाल्या. “उद्या दोन पसे जास्त घे.”