वडाच्या शेंड्यावरची शाळा

फार जुनी गोष्ट. एका साळुंकीचं पिल्लू उडायला शिकता शिकताच साऱ्या पाखरांच्या बोली बोलू लागलं. "याला वडाच्या शेंड्यावरच्याच शाळेत घाल," म्हणून शेजारणींनी तिचं डोकं उठवलं.

तिथल्या पोपटाने परीक्षांवर परीक्षा घेतल्या आणि शेवटी मान डोलावली.

"गुरुजी, याला शिकवणार काय?" साळुंकीने विचारलं.

"शिकवायचं कशाला? आम्ही हुशार तेवढेच निवडतो."

"मग मी इतके दिवस पंख झिजवले कशासाठी?" असं पुटपुटत साळुंकी पिल्लाला घेऊन खाली उतरली. खालच्या फांदीवर कावळ्याची शाळा होती, येईल त्याला घेणारी.

कावळ्याने विचारलं, "बाळा, तुला काय येत नाही?"

पिल्लाने फांदीवर खेळणाऱ्या पिल्लांकडे पाहिलं. मग हळूच म्हणालं, "'मलाही खेळायला घ्या' असं म्हणता येत नाही. कुठल्याच बोलीत."

साळुंकी बघतच राहिली. कावळ्याने सरकून पिल्लाला जागा करून दिली.