कुंपणावरची घोसाळी

टेकडीपलीकडच्या रानात एक ससा राहत असे. राहत असे म्हणायचं आपलं. एका जागी तो टिकेल तर शपथ! गणिताच्या तासाला तुमच्यातले काही जण चुळबुळतात ना, तसा हा दिवसभर. त्याच्या परसाला लागून सायाळीचं परस, आणि मध्ये दोघांचं मिळून एक काट्याकुट्यांचं कुंपण. ह्या बाजूने सशाने घोसाळ्याचा वेल लावला, त्या बाजूने सायाळीने. वेलांना कुठली आलीय हद्द? फटीफटींतून इकडचे तिकडे गेले, तिकडचे इकडे आले, आणि कुंपण हिरवंगार होऊन गेलं.

सशाच्या घरी सशीण बाळंतीण. उन्हाने रान करपलेलं, तिला कोवळं म्हणून खायला घोसाळी तेवढी उरलेली. त्यामुळे सशाच्या जिवाला घोर. उठल्या उठल्या तो फटीला डोळा लावी आणि पलीकडची घोसाळी पाहून फणफणे, "सायाळकाकू, तुमच्या वेलाने माझ्या वेलाचा गळा आवळलाय!"

सायाळ काटे झटकत म्हणे, "थांबा हो ससेराव! दाट झालंय खरं, थोडं छाटायलाच हवं. पण कुठला शेंडा कुठल्या बुंध्याचा, ते आधी बघू या." हे ऐकायला ससा तिथे असेल तर ना! तो केव्हाच पसार.

एके सकाळी त्याला अगदीच राहवेना. "इकडचं ते माझं, तिकडचं ते तिचं. मधलं तोडलं की मिटली कटकट!" असं म्हणत त्याने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फटीतला एकूण एक वेल कराकरा कुरतडला. शाबास रे पठ्ठ्या! मिशा पुसत स्वारी ऐटीत घरी गेली. दुपारी घोसाळी काढायला येऊन बघतो, तर त्याच्याच बाजूच्या पानांनी माना टाकलेल्या आणि घोसाळी सुरकुतलेली.

"काकू, काय केलंत हे?" तो किंचाळला.

"मी? अहो, तुमच्याकडे लोंबत होती ती माझ्या बुंध्याची, माझ्याकडची तुमच्या. इतके दिवस तुम्ही माझी खात होता, मी तुमची. आता माझ्याकडचीही सुकली."

सशाचं तोंड एवढंसं झालं. "मग आता सशिणीला काय घालू?"

"माझ्याकडचे कंद न्या. बुंधे जिवंत आहेत, पुन्हा फुटतील."

ससा कंद घेऊन घरी गेला आणि चाचरत सगळं सांगून बसला. सशिणीने शांतपणे ऐकून घेतलं. मग चारही पिल्लं तिने त्याच्या अंगावर निजवली. "ही धरा. वेलांचं मी आणि काकू बघतो," म्हणाली आणि गेली कुंपणाकडे. बिचारा ससा! पिल्लं गाढ झोपलेली; आता हलतो कुठे?

तात्पर्य : सामाईक कुंपणावरच्या वेलाला दात लावण्याआधी त्याचा बुंधा कुणाच्या परसात आहे, ते शेजाऱ्याला विचारावं, नाहीतर शेजाऱ्याचं तोडायला जाताना आपलंच ताट रिकामं होतं.