कातड्याची पायली

शके सतराशे पंचवीस. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, आश्लेषाही कोरडी गेली. सलग दुसरे वर्ष. कुरणगडचा राजा भुजंगराव गच्चीवर उभा राहून आभाळाला शिव्या देत होता. आभाळाने खजिन्याला हात लावला नव्हता. तो राजाने स्वतः रिकामा केला होता. सुकाळाच्या वर्षांत त्याने हत्तीला सोन्याचे साखळदंड घडवले, मेहुण्याला हवेली बांधून दिली, कारंज्यात गुलाबपाणी सोडले. आता गावेच्या गावे उठून चालली होती आणि राजाच्या कोठारात उंदीरसुद्धा राहायला तयार नव्हते.

राजाने दवंडी पिटवली. टेकडीखालचा अर्धवट तलाव खणून पुरा करायचा, उपाशी माणसांना काम द्यायचे. मात्र खजिन्यात रुपया नाही आणि कोठारात दाणा नाही. ज्याला जमेल त्याने पुढे यावे. पुढे येऊन जमले नाही तर फटके.

खजिनदार विसाजीपंतांचे म्हणणे होते की अशा वेळी हात आखडावा. माणसे निघून गेली की खर्च आपोआप कमी होतो, असा त्यांचा हिशेब. पगार मात्र त्यांनी आगाऊ उचलला होता.

पुढे आली राही. मोटा शिवणाऱ्या धोंडू चांभाराची लेक. विहिरी आटल्यामुळे मोटा कोणी घेत नव्हते आणि गुरे मरत होती म्हणून तिच्या दारात कातड्याचा ढीग पडला होता. दुष्काळात तेवढा एकच माल वाढतो.

"महाराज, मी कातड्याचे तुकडे कापते, आपण त्यांवर शिक्का मारा. दिवसभर माती वाहिली की माणसाला एक तुकडा. पाऊस परतला की एका तुकड्याला एक पायली ज्वारी आपण द्यायची."

"आणि तोवर लोक काय कातडं चघळतील?"

"नागशेटच्या पेवात जुनी ज्वारी आहे. तो तुकडे घेऊन ज्वारी देईल."

नागशेट वाण्याला बोलावले. जुन्या, किडक्या ज्वारीच्या बदली नवी मिळणार, हे त्याला आवडले. राजाचा शब्द तेवढा आवडला नाही. राजाने भर दरबारात बेलभंडार उचलून शपथ घेतली. नागशेटने जांभई दिली आणि तो राहीकडे वळला.

"महाराजांच्या शपथा मी पुष्कळ पाहिल्यात. पोरी, तू जामीन राहतेस का?"

राहीने घर तारण ठेवले, कातडे कमावायची कुंडे ठेवली, बापाची हत्यारे ठेवली. राजाची पत चांभाराच्या घराएवढीही नाही, हे सगळ्या दरबाराने पाहिले. राजाला लाज वाटायला हवी होती. त्याला सुटल्यासारखे वाटले.

काम सुरू झाले. वाटेला लागलेली माणसे परत फिरली. चैत्रात तलाव पुरा झाला, पुढच्या मृगात पाऊस पडला, तलाव भरला आणि कार्तिकात डोक्याएवढी ज्वारी उभी राहिली.

पण राजाला तुकड्यांची चटक लागली. त्याने राहीला बोलावून आणखी दहा हजार कापायला सांगितले. त्याला आरसेमहाल बांधायचा होता. पैसा काढायची इतकी सोपी रीत आपल्या बापालाही सुचली नाही, असे तो मिशीला पीळ देत म्हणाला. विसाजीपंतांनीही मान डोलावली. उपासमारीत हात आखडा म्हणणारे हे गृहस्थ आता सुकाळात हात सैल सोडा म्हणत होते.

राही म्हणाली, आधी जुने तुकडे सोडवा, मग नव्यांचे बोला. नागशेटचा माणूस तिच्या दारात येऊन कुंडे मोजून गेला होता.

राजा चिडला. "माझ्या कोठारातून ज्वारीचा एक दाणा बाहेर जाणार नाही. खजिन्यातून एक रुपया जाणार नाही. एवढं सांभाळून देणं फेडून दाखव. नाही जमलं तर दहा हजार तुकडे काप, आणि तुझं घर नागशेटला जाऊ दे."

"मग शेतकरी सारा भरायला येतात त्या दिवशी कोठाराच्या दारात मला बसू द्या," राही म्हणाली.

राजाने परवानगी दिली. दारात बसून कोणाचे काय बिघडते?

राहीने गावोगाव निरोप धाडला. साऱ्याच्या दिवशी पहिली गाडी येसू माळ्याची आली. त्याला चाळीस पायल्या द्यायच्या होत्या. त्याने पंचवीस पायल्या ज्वारी ओतली आणि पंधरा तुकडे राहीच्या हातावर ठेवले. तिने ते रापीने उभे चिरले, टोपलीत टाकले आणि सारा भरून पावला म्हणून सांगितले. मग दुसरी गाडी, मग तिसरी. ज्यांना शेत नव्हते त्यांनी आपले तुकडे आधीच शेतकऱ्यांना देऊन तुकड्याला पायली ज्वारी घेतली होती. नागशेटनेही तेच केले होते. कुंडे काही त्याला मिळाली नाहीत. ज्वारी मात्र मोजून मिळाली.

संध्याकाळी राजा आला. कोठार निम्मेच भरलेले.

"माझी ज्वारी कोणी नेली?"

"कोणी नाही, महाराज. पहारेकऱ्याला विचारा, एक दाणा बाहेर गेला नाही. जी ज्वारी आपण गेल्या वर्षीच खर्च केली होती, ती यंदा आत आली नाही, एवढंच."

राजाने चिरलेल्या तुकड्यांची टोपली पाहिली, मग निम्मे कोठार पाहिले.

"आणि माझा आरसेमहाल?"

"या निम्म्यात मावेल तेवढा बांधा."

राजा पोट धरून हसला. राजा हसला म्हणून विसाजीपंतही हसले. तलावाखालची चार बिघे जमीन राहीला इनाम मिळाली. आणखी काय हवे, असे राजाने विचारले तेव्हा तिने तुकड्यांवर मारायचा शिक्का मागितला. मृग आणि आर्द्रा दोन्ही कोरडी गेली तर मी स्वतः आणून देईन, तोवर माझ्या घरी राहू द्या, म्हणाली. राजाने जरा वेळ लावला, पण दिला.

पौषात एक म्हातारी राहीला घेऊन राजाकडे आली. एक तुकडा तिच्या गाठोड्यात राहून गेला होता. भुजंगरावाने कोठार उघडायला लावले, स्वतःच्या हाताने पायली भरली आणि तिच्या पदरात ओतली. राहीने तुकडा चिरला. देणे फिटले.