केशरची वाटी

केवड्याच्या बनाला लागून एक इवलंसं घर होतं. तिथे केशर आणि तिचे अण्णा, दोघंच राहायची. अण्णा राजाच्या बागेत माळी होते. पण एका आजारपणात त्यांच्या तोंडाची एक बाजू लुळी पडली आणि त्यांना साधं पाणीही गिळता येईना. घोट घेतला की ठसका, घास घेतला की ठसका! शेजारच्या पारूमावशी धावत येत, डोक्यावर थापट्या मारत आणि म्हणत, "वर बघा भाऊ, वर बघा!" मावशींची माया खरी होती, पण ठसका काही ऐकत नव्हता. अण्णा सुकत चालले. आता तर ताट दिसलं की ते मान फिरवायचे. केशरला फार भीती वाटायची.

एका सकाळी ती राजाच्या बागेत बकुळीची फुलं वेचत होती. इवल्या पांढुरक्या पाकळ्यांवर दवाचे थेंब लुकलुकत होते. तेवढ्यात फाटकाशी एक म्हातारी आली. ती पाणी मागत होती, पण भांडं उष्टं होऊ नये म्हणून तिथले लोक तिला वरून पाण्याची धार धरत होते आणि सगळं पाणी तिच्या पदरावर सांडत होतं.

"बाळ, माझी मान आखडलीय गं. वर बघता येत नाही," म्हातारी म्हणाली.

केशरजवळ पाणी प्यायला एकच वाटी होती, तिच्या आईची. तिने ती पाण्याने भरून पुढे केली. "आजी, खुशाल तोंड लावा. बसा, सावकाश प्या."

"उष्टी होईल की!"

"मग धुऊन घेईन," केशर हसून म्हणाली.

शेवटचा थेंब संपला आणि लख्ख उजेड पडला! म्हातारीच्या जागी बोटभर उंचीची परी होती. तिचे निळेजांभळे पंख झुळझुळत होते.

"माग काय हवं ते," परी म्हणाली. "पण इच्छा एकच. ती घोटाघोटाने पुरी होईल. घाई केलीस की मोडेल!"

"माझ्या अण्णांना गिळता येऊ दे."

"दिलं! आता ऐक. घशात दोन वाटा असतात, एक श्वासाची, एक अन्नाची. घोट आला की श्वासाच्या वाटेवरचं झाकण झटकन मिटतं. अण्णांचं झाकण झालंय आळशी आणि पाणी पडलं चपळ. झाकण मिटायच्या आत पाणी भलत्याच वाटेने पळतं."

"मग मी काय करू?"

"मला कसं पाजलंस?" परी म्हणाली आणि वाटीच्या काठावर जाऊन बसली.

केशर घरी धावली. तिने दाटसर पेज केली, पळता न येणारी. अण्णांना ताठ बसवलं. सवयीने अण्णांनी मान वर केली.

"वर नाही अण्णा. हनुवटी खाली. वाटीत बघा."

"अगं, भलतंच काय सांगतेस?" दारात आलेल्या पारूमावशी ओरडल्या.

केशरने आजवर मोठ्यांना कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. पण आज ती ठामपणे म्हणाली, "मावशी, आज माझं ऐका."

एक छोटा चमचा. अण्णांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मावशींनी श्वास रोखला. ठसका नाही! भुकेल्या अण्णांनी लगेच चमच्याकडे हात नेला. केशरने तो हळूच धरला. "थांबा. तोंड रिकामं झालं? हं, आता पुढचा."

पहिल्या दिवशी चार चमचे झाले, आठवड्याने अर्धी वाटी. केवडा फुलला त्या दिवशी वाटी अगदी रिकामी झाली. अण्णांनी तोंड पुसलं, केशरकडे पाहिलं आणि जड जिभेने म्हणाले, "केशर... आता तू जेव."

कित्येक दिवसांत तिला असं कुणी म्हणालंच नव्हतं. केशर रडली आणि रडतारडताच जेवायला बसली. वाटीच्या काठावरून परीने एक गिरकी घेतली, छपरावर सोनेरी ठिपके नाचले आणि त्या उजेडात ती विरघळून गेली.

त्या दिवशी त्या इवल्या घरात दोन माणसं पोटभर जेवली.